रूलबुकमध्ये नियम आहे, पण ऐन वेळी सापडत नाही

राजगडाच्या संजीवनी माचीवर आमच्या खेळातला एक हेर पडला. ही माची दुहेरी तटबंदीसाठी प्रसिद्ध, म्हणून मी मुद्दाम तिथेच रात्रीची चढाई ठेवली होती. फाशांची बेरीज आली ५, हात सुटला, आणि गडी दोन तटांच्या मधल्या फटीत. आता लागलं किती? एकाने चढाईचं प्रकरण काढलं : दर पुरुषभर उंचीला एक घाव. दुसऱ्याने सामानाच्या यादीतला दोर काढला : दोर तुटून पडल्यास सरसकट दोन घाव. तिसऱ्याला पक्कं आठवत होतं की अंधारात पडलं तर एक घाव जास्त लागतो, फक्त ते कुठे लिहिलंय ते काही सापडेना. मामेभाऊ चहा ठेवायला उठला. चहा उकळला, गाळला, टेबलावर आला, तरी आमचा हेर अजून हवेतच.

रूलबुक माझंच, ३२ पानांचं. मीच लिहिलं, मीच छापून आणलं आणि मलाच सापडेना. सतराव्या शतकातल्या सह्याद्रीतल्या हेरांचा हा खेळ आम्ही शनिवारी संध्याकाळी खेळतो, आणि दर शनिवारी असा एक तरी खोळंबा ठरलेला होता. तुम्हीही घरी बनवलेला रोल-प्लेइंग गेम (ज्यात प्रत्येक जण एकेक पात्र होऊन खेळतो) चालवत असाल आणि दर सेशनला कोणीतरी पानं उलटत बसत असेल, तर मला जे उपाय लागू पडले ते खाली देतो. जे पडले नाहीत तेही.

आधी तीन सेशन नुसतं लिहून ठेवा

रूलबुक नव्याने लिहायला घेऊ नका. मी दोनदा घेतलं. पहिल्यांदा सगळं प्रकरणवार लावलं. दुसऱ्यांदा जरा जास्तच शहाणपणा केला : आधी व्याख्या, मग मूळ नियम, मग पोटनियम, एखाद्या कायद्यासारखं. दोन्ही पुस्तकं वाचायला छान झाली आणि टेबलावर तितकीच निरुपयोगी ठरली. कारण लिहिताना मी माझ्या डोक्यातल्या क्रमाने चाललो होतो. आधी जग, मग माणसं, मग कौशल्यं, मग लढाई. खेळताना त्या क्रमाने कोणी अडत नाही. खेळताना माणूस कड्यावरून पडतो.

तर एक वही घ्या आणि तीन रकाने आखा. काय विचारलं, आधी कुठे शोधलं, शेवटी कुठे सापडलं. पहिल्या रकान्यात प्रश्न बोलणाऱ्याच्या तोंडचा, जसाच्या तसा लिहायचा. 'पतन-नियम' नाही, 'अरे, पडलो तर किती?' असा. हे काम जीएमकडे (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) देऊ नका, त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. ज्याचं पात्र बेशुद्ध पडलंय त्याच्याकडे वही द्या. त्याला तसंही काही काम नसतं.

आमच्याकडे तीन सेशनमध्ये ४१ नोंदी झाल्या. त्यातल्या १३ एकाच तक्त्यासाठी होत्या, आणि हे मला वहीशिवायही कळायला हवं होतं. आम्ही दोन साधे फासे टाकतो, लुडोच्या डब्यातले चालतात. बेरीज १० किंवा वर आली तर काम फत्ते, ७ ते ९ आली तर काम होतं पण किंमत मोजावी लागते, ६ किंवा खाली आली तर फसलं. (ही पद्धत माझ्या डोक्यातली नाही, २०१० च्या 'ॲपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळामुळे ती रूढ झाली.) दोन फाशांच्या ३६ शक्यता. त्यातल्या ७ ते ९ च्या वाट्याला १५ येतात, १० किंवा वरच्यांना फक्त ६. पात्राला अधिक एकचा फायदा दिला तरी मधल्या निकालाच्या १६ होतात, कमी होत नाहीत. म्हणजे 'किंमत काय मोजायची' हा तक्ता संध्याकाळभर लागणार. आणि मी तो ठेवला होता २७ व्या पानावर, 'इतर' या मथळ्याखाली.

आता तो मधल्या पानांवर आहे. ए-फोर कागद मध्ये दुमडून, पिन मारून पुस्तिका केली असेल तर सगळ्या पुस्तिकेत एकच जोडपान खरोखर अखंड कागदाचं असतं, ते मधलं. ३२ पानांत ती जागा १६-१७. पुस्तिका हातात घेऊन सैल सोडली की बहुतेक वेळा तिथेच उघडते. ती जागा सर्वांत जास्त लागणाऱ्या तक्त्याला द्या. मी तिथे आधी सह्याद्रीचा नकाशा टाकला होता. दिसायचा देखणा, पण तो पहिल्या दिवशी एकदा पाहिल्यावर पुन्हा कोणी उघडला नाही.

एकच नियम तीन ठिकाणी, तीन तऱ्हांनी

संजीवनी माचीवर झालं ते हेच. चढाई लिहिताना पडण्याचा विचार केला, सहा महिन्यांनी दोर लिहिताना पुन्हा केला, आणि आधी काय लिहिलंय ते न पाहता केला. अंधाराचा जादा घाव शेवटी हवामानाच्या परिच्छेदात सापडला, धुक्याच्या खाली.

हे तपासायची सोपी रीत : पुस्तकातला एक आकडा घ्या आणि तो बदलायचा ठरवा. किती ठिकाणी हात लावावा लागतो? एकापेक्षा जास्त ठिकाणी लावावा लागला तर रोग आहे. उपाय असा की प्रत्येक नियमाचं घर एकच. बाकी जिथे जिथे त्याचा उल्लेख येईल तिथे तो पाहुणा : 'पडल्यास पान ९' एवढंच, आकडा नाही. आकडा पाहुण्याच्या हाती दिला की तो कधीतरी जुना होतो.

पण याचाही अतिरेक होतो. मी एकदा इतकं काटेकोर केलं की दोराखाली 'पान ९ पाहा', नवव्या पानावर 'अंधारासाठी पान २१ पाहा' आणि एकविसाव्यावर 'घाव म्हणजे काय, पान ५ पाहा'. सापशिडीच झाली. एका प्रश्नाला एकच उडी, हा नियम मी स्वतःला घालून घेतला. दुसरी उडी लागत असेल तर तो एका ओळीचा मजकूर सरळ पुन्हा लिहायचा, पण त्या ओळीपुढे छोटा तारा काढायचा. बदल करताना फक्त तारे शोधले की झालं.

नियम असे विखुरले म्हणून वाईट वाटून घेऊ नका. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा प्रसिद्ध रोल-प्लेइंग गेम १९७४ मध्ये पहिल्यांदा निघाला तेव्हा डब्यात तीन बारीक पुस्तिका होत्या, आणि लढाईसाठी 'चेनमेल' नावाचे आधीचे युद्धखेळाचे नियम तुमच्याकडे असतील असं गृहीत धरलेलं. म्हणजे तीन पुस्तकांत न सापडलेला नियम चौथ्यात. अगदी त्याच खेळाच्या २०१४ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्येही पडून लागण्याचा नियम आठव्या प्रकरणात, लढाई नवव्यात, आणि पडल्यावर माणूस आडवा होतो म्हणजे नेमकं काय होतं, ते मागे परिशिष्टात. २०२४ च्या आवृत्तीत त्यांनी शेवटी वर्णानुक्रमे नियमांची शब्दावलीच जोडली आणि पडणं, आडवं होणं वगैरे सगळं तिथे नेलं. तुमचं पुस्तक तीनशे पानांचं असेल तर ही युक्ती जरूर उचला. ३२ पानांना वेगळी शब्दावली म्हणजे बैठ्या घराला लिफ्ट.

अपवादांचं मात्र वेगळं आहे. आमच्या चढाईच्या नियमात एकेकाळी सात ओळींचं शेपूट होतं : रामोशी असेल तर अमुक, दोर असेल तर तमुक, घोरपडीसारखा चढणारा असेल तर आणखी काही. ज्या पात्राला ती विद्या येतच नाही त्याच्या खेळाडूनेही ते सगळं दरवेळी वाचायचं. हे शेपूट कापलं आणि प्रत्येक अपवाद त्याच्या मालकाकडे पाठवला, म्हणजे त्या पात्राच्या शीटवर, त्याची माहिती असलेल्या कागदावर. ज्याला अंधारात चढता येतं त्याच्या शीटवर ती ओळ, आणि ती लक्षात ठेवायची जबाबदारीही त्याचीच. मूळ नियम तीन ओळींचा राहिला. एवढ्या एका बदलाने जितका फरक पडला तितका बाकी सगळ्या मांडणीने पडला नसेल.

नियम आहे, पण त्या नावाने कोणी शोधत नाही

माझ्या एका प्रकरणाचं नाव होतं 'सावल्यांची भाषा'. त्यात लपणं, दबा धरणं, मागावर राहणं असं सगळं. वहीतल्या दुसऱ्या रकान्यात काय निघालं? लोक लपण्याचा नियम 'लढाई'त शोधत होते, कारण लढाईच्या ऐन मध्यावर त्यांना लपायचं असतं. 'सावल्यांची भाषा' ही पार्श्वभूमीची गोष्ट असेल असं समजून कोणी ते उघडलंच नव्हतं. नाव बदलून 'लपणं आणि माग काढणं' केलं. वाईट वाटलं, पण केलं. काव्य गोष्टीत ठेवा, मथळ्यात नको.

सूचीसाठीही तोच पहिला रकाना वापरला. आमच्या शेवटच्या पानावरच्या सूचीत 'पतन', 'विषप्रयोग' असे शब्द नाहीत. तिथे आहे : पडलो तर. पकडलो गेलो तर. दारूगोळा भिजला तर. पहारेकऱ्याने ओळखलं तर. सगळी सूची पानभराची, आणि नव्या खेळाडूंना सर्वांत आधी तीच आवडते. खेळात काय काय होऊ शकतं हे त्यातूनच त्यांना कळतं.

मोबाइलवर सर्च केलं तरी मिळत नाही

हे दुखणं खास आपलं आहे, म्हणून इथे जरा थांबतो. इंग्रजी रूलबुकमधला शब्द पीडीएफमध्ये टाकला की बहुधा मिळतो. मराठीत सामान्यरूप आडवं येतं. आमच्या खेळात 'पहारा' हा महत्त्वाचा शब्द होता. पण वाक्यात तो येतो 'पहाऱ्यावर', 'पहाऱ्याची', 'पहाऱ्यातून' असा. 'पहारा' शोधलं की मथळा मिळायचा आणि ज्या वाक्यात नियम होता ते वाक्य गायब. 'हल्ला' आणि 'हल्ल्यानंतर' यांचंही तेच, 'फासा' आणि 'फाशाने' यांचंही.

शोधणाऱ्यासाठी तात्पुरता उपाय : शब्द अर्धा टाका. 'हल्ल' इतकंच टाकलं तर दोन्ही रूपं मिळतात. लिहिणाऱ्यासाठी कायमचा उपाय : खेळाच्या खास संज्ञा निवडतानाच अशा निवडा की विभक्ती लागल्यावर शब्दाचं मूळ अंग मोडत नाही. घाव – घावाला, दोर – दोरावर, चौकी – चौकीतून, गस्त – गस्तीवर. आम्ही 'पहारा' काढून 'गस्त' घेतला. अर्थ किंचित सरकला, पण खेळात चालून गेला. थोडक्यात, आकारान्त पुल्लिंगी शब्द संज्ञा म्हणून टाळले तर अर्धी डोकेदुखी संपते.

'पहाऱ्यावर' मध्ये दुसरीही एक गोम आहे. तो ऱ्य दोन तऱ्हांनी टंकता येतो : एक नुक्त्याच्या ऱ पासून, दुसरा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाला मात्र वेगळे. ॲ चंही तसंच. कोणी एकसंध ॲ टंकतो, कोणी अ वर चंद्र देतो. मी लॅपटॉपवर लिहायचो आणि मित्र मोबाइलवरून दुरुस्त्या करायचा, त्यामुळे एकाच पुस्तकात दोन्ही. छापण्याआधी एकदा 'शोधा आणि बदला' चालवून सगळीकडे एकच तऱ्हा करून घ्या. आणि डीटीपीवाल्याकडून मांडणी करून घेणार असाल तर काम युनिकोडमध्येच हवं हे आधीच बजावा. जुन्या फॉन्टमध्ये बसवलेलं पुस्तक छापील दिसतं झकास, पण त्याच्या पीडीएफमध्ये मराठी शब्द म्हणून काही नसतंच, सर्च काय कपाळ करणार?

सूची संगणकाकडून लावून घेणार असाल तर तीही नजरेखालून घाला. काही प्रोग्रॅम अक्षरांच्या संगणकीय क्रमांकाप्रमाणे लावतात. त्यात ळ येतो ल आणि व यांच्या मध्ये, म्हणून 'काळोख' आधी आणि 'कावा' नंतर. शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर. आणि ॲ ने सुरू होणारे शब्द तर पार तळाला, ह च्याही खाली जातात. पानभराची सूची हातानेच लावावी, अर्ध्या तासाचं काम. क्ष ने सुरू होणारे शब्द क मध्ये घालायचे की शेवटी, यावर आमच्यात वाद झाला. कुठेही घाला, पण सूचीच्या वर एका ओळीत सांगून टाका.

जाता जाता : देवनागरीत मोठी लिपी नसते, त्यामुळे 'घाव' हा खेळातला शब्द आहे की नुसता तलवारीचा घाव, हे इंग्रजीसारखं पहिल्या अक्षरावरून कळत नाही. आम्ही संज्ञा ठळक करतो, पण फक्त जिथे तिची व्याख्या आहे तिथे. सगळीकडे ठळक केलं तर पान काळंकुट्ट होतं आणि लहान टायपात जोडाक्षरं बुजतात. तिरपी देवनागरी मला तरी वाचवत नाही.

प्रत्येकाकडे वेगळी प्रत

एकाकडे दिवाळीआधीची छापील प्रत, दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये परवाची पीडीएफ, आणि माझ्या लॅपटॉपवर 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल नवीन खरं'. यावर उपाय सगळ्यांना माहीत असतो आणि कोणी करत नाही : प्रत्येक पानाच्या तळाशी तारीख. फक्त मुखपृष्ठावर नको, कारण खेळताना मुखपृष्ठ कोण बघतं? वाद झाला की दोघांनी तळ वाचायचा. नवी तारीख जिंकली.

दुसरं असं की सुरुवातीच्या वर्षात पुस्तक शिवूच नका, सुटी पानं फाइलला लावा आणि पानांचे क्रमांक भागवार द्या : चढाईची पानं च-१, च-२, लढाईची ल-१, ल-२. चढाईत एक पान वाढलं तर लढाईचे क्रमांक आणि त्यांचे उल्लेख जसेच्या तसे राहतात. ही कल्पनाही जुनीच आहे. १९८१ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे बेसिक आणि एक्स्पर्ट असे दोन संच निघाले, तेव्हा एकाच्या पानांना बी आणि दुसऱ्याच्या पानांना एक्स हे अक्षर लावलेलं होतं, दोन्ही मिसळून एका फाइलमध्ये लावता यावीत म्हणून. नियम स्थिरावले की मग पिन मारा आणि मधल्या पानाचा मान ठरवा.

फक्त जीएमला लागणारा मजकूरही या टप्प्यावर वेगळा काढा. आमच्या खेळात गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असतात, जसे शिवकालीन गडांवर असत. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे, कोठारं कारखानिसाकडे. खेळाडूंनी लाच द्यायचं ठरवलं की कोणाच्या हातात काय आहे ते मला क्षणात हवं असतं, आणि तिघांपैकी एक इतिहासाच्या प्रकरणात, एक पात्रांत, एक गडांच्या वर्णनात असा विखुरला होता. तिघं आता माझ्या एका कागदावर आहेत. खेळाडूंना तो कागद दिसत नाही, आणि त्यांच्या पुस्तकाची चार पानंही कमी झाली.

हलवून हलवून दमलात तरी तोच नियम

वहीत पाहा : एकच माणूस तोच नियम पुन्हा पुन्हा काढतोय का? दरवेळी नवा माणूस काढत असेल तर मांडणीचा दोष. गेल्या शनिवारी ज्याने वाचला त्यालाच या शनिवारी परत वाचावा लागत असेल तर नियमच वाईट आहे, आणि त्याला पुस्तकात कुठेही बसवा, तो तसाच राहणार.

तोड्याची (पेटत्या वातीने उडणारी) बंदूक भरणं हे आमचं असं गळू होतं. दारू, गोळी, ठासणं, तोडा पेटवणं असे चार टप्पे, प्रत्येकाला वेगळी बेरीज-वजाबाकी, पाऊस असेल तर आणखी दोन. मला त्याचा फार अभिमान. तो नियम मी तीन ठिकाणी हलवला, चौकट केली, आकृती काढली. दरवेळी बंदूक निघाली की पुस्तक निघायचं. शेवटी माझ्या पाठीमागे खेळाडूंनी तो गाळून टाकल्याचं मला दोन सेशननंतर कळलं. ते सरळ म्हणत, 'एक बार, मग पुढच्या डावाला भरणं.' तोच आता छापील नियम आहे. पावसात बार होत नाही, एवढी एक ओळ मी हट्टाने ठेवली.

सगळं झाल्यावर शेवटची तपासणी अशी केली. हा खेळ कधी न खेळलेल्या बहिणीच्या हाती पुस्तक दिलं, वहीतले पाच प्रश्न विचारले आणि तोंड बंद ठेवून घड्याळ पाहत बसलो. तोंड बंद ठेवणं सर्वांत अवघड. 'अगं, मागे बघ ना' हे ओठांवर येतं. अर्ध्या मिनिटात सापडलं तर पास. 'पडलो तर' तिने सूचीतून लगेच काढलं. 'पकडलो गेलो तर'ला मात्र दोन मिनिटं गेली, कारण सूचीत पान १४ होतं आणि नियम १५ वर सरकला होता.

पोहण्याच्या नियमाला वहीत अजून एकही नोंद नाही. टाकी आणि नद्या समोर ठेवून मी तो दीड पान लिहिलाय. तूर्त त्याला सूचीच्या आधीच्या पानावर नेऊन ठेवलाय, आणि पुढचा गड कुठला घ्यायचा ते ठरवताना माझा डोळा जंजिऱ्यावर आहे.